विहिरीत पडलेला पाव

आमच्या घरात भाषेवरची भांडणं कोंकणीत व्हायची आणि छापली जायची मराठीत. यात कोणाला काही विचित्र वाटत नसे. बाबा आतल्या खोलीकडे तोंड करून "च्या हाड गो" म्हणून ओरडायचे आणि लगेच चष्मा सरसावून मराठीच्या रक्षणाचं पत्रक मला मोठ्याने वाचून दाखवायचे. आई चहाचा कोप त्यांच्या पुढ्यातल्या मेजावर आपटायची. "उतरां तुमची, आनी धुंवर म्हज्या दोळ्यांत," म्हणायची. चूल तिच्या वाट्याला आणि शब्द बाबांच्या, ही तिची कायमची तक्रार होती.

गोव्यातल्या साखळीच्या रस्त्यावरचं आमचं गाव. खाणीचे ट्रक दिवसभर धावायचे आणि पानं, कौलं, वाळत घातलेली लुगडी, सगळ्यावर तांबडी धूळ बसायची. घराची पुढची खोली म्हणजे छापखाना. एक पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र, अक्षरांच्या खिळ्यांच्या चार केशी, म्हणजे खणांच्या पेट्या, शाईचा डबा आणि बाबांचं बसायचं मोडकं कदेल. यंत्राच्या धडधडीवर मी झोपले आणि तिच्यावरच उठले. ते थांबलं की जाग यायची. माझ्या शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची कव्हरं असत. सुकं खारं, म्हणजे खारवलेली मासळी, पत्रकांत बांधलेलं असे. फळ्यांवरच्या डब्यांखाली पत्रकं, भिंतीच्या भेगेत पत्रकं. विलीनीकरणाच्या काळातली, खाणमजुरांची, देवळाच्या तंट्याची, कुळांची. परीकथा मला कोणी सांगितल्या नाहीत. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मी अंगाईसारखं ऐकलं, आणि सतरा वर्षांची होईपर्यंत स्वतः लिहू लागले.

बाबांचा एक नियम होता. प्रत्येक कागदाच्या तळाला बारीक खिळ्यांत मुद्रकाचं नाव घातल्याशिवाय ते यंत्राला पाय लावत नसत. कायद्यात तसं होतंच, पण त्या वर्षी कायदा पाळायला सवड कोणाला होती? राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलेलं. रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं, जळते टायर, फुटलेल्या काचांचे ट्रक. शेजारच्या वाड्यावरच्या एका बाईचा डोळा बसवर मारलेल्या दगडाने गेला होता. पोलिसांच्या लाठीने पाठ फुटलेले मुलगे आमच्या ओसरीवर पालथे पडून हळद लावून घ्यायचे. कोंकणीवाले म्हणत, मराठीवाल्यांनी मारलं. आम्ही म्हणत असू, त्यांनी. निनावी कागद रोज सकाळी वडाच्या पारावर चिकटलेले असत. बाबा ते वाचायचे, खाली नाव शोधायचे आणि फाडून टाकायचे, मग तो कागद आमच्या बाजूचा का असेना.

मी मराठीच्या बाजूची होते, आणि आजही त्या भाषेतच लिहिते आहे. माझ्या पहिल्या पत्रकाचा कच्चा मजकूर बाबांनी वाचला आणि पेन्सिलीने तीन गोल काढले.

"बाय, रगत तीन खेप आयलां."

"मग?"

"खंयचें रगत? तुजें?"

"लोकांचं, बाबा."

"लोकांचें आसल्यार तांकां विचार. तुजें आसल्यार काड. ना जाल्यार एक खेप पुरो."

मी चिडले आणि दोन रक्तं खोडली. तिसरं ठेवलं. ते वर्ष असं होतं की रक्ताशिवायचं वाक्य फिकं लागायचं, मीठ विसरलेल्या पेजेसारखं.

श्यामकाका बाबांचा चुलतभाऊ, खाणीवर ट्रक चालवायचा. रुंद छातीचा, मोठ्याने हसणारा. लहानपणी मला ट्रकच्या बॉनेटवर बसवून गावभर फिरवलेला माणूस. आता तो आमच्या बाजूच्या मुलांचा पुढारी झाला होता. एकदा तो घटक राज्याविरुद्धचा मजकूर घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की राज्य झालं की गोवा कर्जात बुडेल आणि इथलं प्रत्येक मूल डोक्यावर ऋण घेऊन जन्माला येईल. पुढे एक भलाथोरला आकडा.

"आंकडो खंयचो?" बाबांनी विचारलं.

"दादा, आंकडे कोण मेजता? लोक व्हडलो आंकडो पळयलो काय भियेतात."

"भियेवपाक आंकडो कित्याक? वाग आयलो म्हण."

श्यामकाका हसला. बाबांनी आकडा काढून बाकीचं छापलं, खाली स्वतःचं नाव घालून. त्या रात्री जेवताना मी विचारलं, सार्वजनिक कर्ज म्हणजे नक्की काय. बाबांनी सोलकढीचा घोट घेतला. "धा जाणांनी पिवपाचें आनी गांवान फारीक करपाचें," म्हणाले. दहाजणांनी प्यायचं आणि गावाने फेडायचं. मग बोट चाटून पुढे म्हणाले, "आनी पिवपी कोण तें विचारलें जाल्यार म्हणटले, गांवूच." कोण प्यालं विचारलं, तर म्हणतील गावच.

अर्थशास्त्रावर मी नंतर पुष्कळ वाचलं. त्यातलं बरंचसं बाबांच्या त्या दोन वाक्यांत बसतं, आणि जे बसत नाही ते मला अजून नीट कळलेलं नाही. आज नदीवर झगमगता पूल होतो, त्यावर पुढाऱ्याचं नाव हातभर अक्षरात असतं. ज्या कर्जातून तो होतो त्याच्याखाली कोणाचंच नाव नसतं.

संध्याकाळी इनास पदेर यायचा. गावाच्या खालच्या टोकाला त्याची पावाची भट्टी होती. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. सायकलच्या मागे भली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि हॉर्नचा पों-पों. प्रत्येक घराच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, कापडी पिशवी अडकवलेली असे; इनास सायकलवरून न उतरता तिच्यात पाव टाकायचा आणि पुढे जायचा. आमची पिशवी आईने जुन्या पोलक्याची शिवलेली होती, हिरवी. आई स्वतः पाव कधी खात नसे. ती पेडण्यातली, हरमलची. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं की फिरंग्यांच्या काळात विहिरीत पाव टाकत आणि ते पाणी प्यालेला गावच्या गाव बाटला म्हणत. आमच्या भागात असं घडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. फिरंग्यांच्या ताब्यातल्या खालच्या मुलखातून पळून आलेल्या लोकांनी ती भीती देवाच्या मूर्तींबरोबर उचलून आणली होती. तरी पिशवी मात्र आई न चुकता अडकवायची. "तुमी खायात. म्हज्या तोंडाक ताची चव ना," एवढंच.

एके संध्याकाळी पोलिसांची गाडी आमच्या बाजूच्या पोरांनी रस्त्यावर घातलेल्या अडथळ्यापाशी आली आणि पोरं पांगली. काही विहिरीच्या पाणंदीने पळाली. आई विहिरीवर कळशी भरत होती. आमच्या विहिरीचा कठडा एका बाजूला गुडघ्याइतकाच उरला होता. समोरून इनास येत होता. मागून लाठी आणि पुढे सायकल. सगळ्यात पुढे धावणारा श्यामकाका सरळ सायकलवर आदळला. इनास पाणंदीत पडला, टोपली कठड्यावरून उलटली आणि पाव धबाधब विहिरीत गेले. श्यामकाका उठला, पळाला. मागच्या पोलिसाने रिकाम्या हाती परत जायला नको म्हणून इनासच्याच पायावर लाठी घातली. आईने त्याला उठवलं, दोरीला परडी बांधून तरंगणारे पाव वर काढले, आणि दोघं खाली बसून, ओल्या पावांकडे बघून, म्हणे हसलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी श्यामकाका मजकूर घेऊन आला. 'विहिरीत पाव टाकला! जुना डाव पुन्हा सुरू!' आणि खाली, गावकऱ्यांनी त्या पदेराचं काय करायचं ते.

बाबांनी कागद वाचला आणि आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. "श्याम, तुवेंच न्हय रे आपटलो ताका?" तिने विचारलं, अगदी साधेपणाने.

श्यामकाकाचा चेहरा लाल झाला. "वैनी, कोण आपटलो तें म्हत्वाचें न्हय. लोक हालपाक जाय. चार दीस जाले, पोरां थकल्यांत."

"फट मारून, खोटें सांगून हालयतलो?" बाबा म्हणाले.

"भाशेखातीर."

"मगे खाला तुजें नांव घाल. हांव छापतां."

श्यामकाका म्हणाला, "नांव घातल्यार पोलीस धरून व्हरतले."

"आनी घालूंक ना जाल्यार इनासाक व्हरतले. उसने तुवें काडपाचें, फारीक ताणें करपाचें?"

श्यामकाकाने कागद उचलला आणि गेला. दुसऱ्या सकाळी तोच मजकूर पारावर होता, सायक्लोस्टाइल केलेला, फिकट जांभळा, खाली नाव नसलेला. विहिरीवर कोणी नव्हतं. बायका कळश्या घेऊन डोंगराखालच्या झरीकडे चालल्या होत्या.

बाबांनी मला मजकूर सांगितला आणि मी जुळणी केली. ती जुळणी मी शांतपणे केली नाही, भांडत केली. "आपलीच माणसं आहेत ती, बाबा. आपण हरलो तर?" बाबा म्हणाले, "फटीन जिखलें जाल्यार मगे कोण जिखलो?" मी खिळा जोरात आपटला. चार ओळी होत्या. पाव पडला, टाकला नाही. पळणाऱ्या माणसाच्या धक्क्याने सायकल पडली. माझ्या बायकोने पाहिलं. आम्ही त्याच विहिरीचं पाणी पितो. खाली: मुद्रक, यशवंत गावकर. श्यामकाकाचं नाव त्यात नव्हतं. घालू का, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तें ताणें घालपाचें."

ती चार ओळींची पत्रकं पारावर लावून आम्ही घरी आलो आणि पेजेची वेळ होईपर्यंत लोक जमले. आधी ते खाली इनासच्या भट्टीकडे गेले. आम्हाला कौलांवर पडणाऱ्या दगडांचा आवाज ऐकू आला, मग पिकासाच्या घावांचा. भट्टीचं तोंड फोडायला वेळ लागला असावा, कारण तो आवाज पुष्कळ वेळ येत राहिला, आणि त्यामागे इनासच्या म्हाताऱ्या आईचं ओरडणं, "सायबा, सायबा!" बाबा पायऱ्या उतरून धावू लागले तोच ती माणसं वर येताना दिसली. त्यांच्या हातांना काजळी होती.

ओळखीचे चेहरे होते. हे मी मुद्दाम लिहिते. जमाव म्हटलं की लोक समजतात बाहेरचे. त्यांतल्या एकाने मला पोहायला शिकवलं होतं. दुसऱ्याच्या लग्नाच्या पत्रिका त्याच यंत्रावर छापल्या होत्या. आत शिरताच त्यांनी केशी उलट्या केल्या. खिळे जमिनीवर पडण्याचा आवाज पत्र्याच्या छपरावरच्या पावसासारखा झाला आणि नंतर पायांखाली करकरत राहिला. मला कोणीतरी केसांना धरून भिंतीवर ढकललं. तोंडात रक्त आलं, खारट आणि कोमट. पत्रकातल्या रक्ताला अशी चव नव्हती.

"नांव घालता न्हय? घाल आतां हात!"

दोघांनी बाबांचा उजवा हात यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये धरला. चाक फिरवलं कोणी ते मी पाहिलं नाही. पायटीवर पाय होता तो श्यामकाकाचा. त्याच्या पायातली ट्रकवाल्याची तुटकी चप्पल मी ओळखली. पाट्या मिटल्या. बाबा ओरडले नाहीत, खोकल्यासारखा एक आवाज त्यांच्या गळ्यातून आला. यंत्र पुन्हा उघडलं आणि पुन्हा मिटलं.

आणि आई आली. चुलीवरची पेज, उकड्या तांदळाची, रटरटणारी, तिने भांड्यासकट फेकली. पदर जळाला, हात पोळले, तिला कळलंही नसावं. पेज श्यामकाकाच्या मानेवर आणि खांद्यावर बसली. तशी पेज निथळत नाही, चिकटते. तो जनावरासारखा ओरडला आणि बाहेर पळाला, आणि तो पळाला म्हणून बाकीचे पळाले. आई हातातलं रिकामं भांडं घेऊन दारात उभी होती. "आनीक कोणाक जाय?" तिने विचारलं. जेवायला वाढताना विचारायची त्याच आवाजात.

बाबांना इस्पितळात न्यायला गाडी मिळाली, पण रस्ता मिळाला नाही. आमच्याच बाजूने पाडलेली झाडं आडवी होती. दर झाडापाशी आम्ही बाबांना उतरवलं, फांद्यांवरून उचलून पलीकडे नेलं, आणि पुढची गाडी शोधली. एका बुंध्यावर मी लिहिलेलं पत्रक खिळ्याने ठोकलेलं होतं. बाबांनी ते पाहिलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी परत आले तेव्हा आई पोळलेल्या हातांना केळीची पानं बांधून खिळे वेचत होती. तिला अक्षरं येत नव्हती. ती सगळी एका सुपात भरत होती, तांदूळ निवडावेत तशी. आम्ही दोघी बसलो. मी 'क' वेगळा, 'ख' वेगळा करत गेले, ती माझ्या हाताकडे बघत आकारावरून जुळवत गेली. त्यातून मी पुन्हा त्याच चार ओळी जुळवल्या आणि एक वाढवली: काल इथे आलेल्यांची नावं आम्हाला ठाऊक आहेत, ती त्यांनी स्वतः छापावीत. मुद्रकाच्या जागी आल्यावर माझा हात थांबला. बाबांचं नाव घातलं असतं तर चाललं असतं. छापखाना त्यांचाच होता.

"कित्याक थांबलें गो?" आईने विचारलं.

"नाव कोणाचं घालू ते बघतेय."

"यंत्र कोण चलयता?"

"मी."

"मगे?"

उर्मिला यशवंत गावकर. स्वतःचं नाव उलट्या खिळ्यांत मी तोवर कधी जुळवलं नव्हतं. पाट्यांवरचं रक्त घासलेटने पुसलं आणि पायटीवर पाय ठेवला. पारावर ते लावायला गेले तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर बसलेली माणसं दुसरीकडे बघत होती. कोणी ते फाडलं नाही. कोणी विहिरीवरही गेलं नाही. रोज सकाळी आई एकटीच गावाच्या मधोमध उभी राहून पाणी काढायची, आणि रहाटाचा आवाज गावभर जायचा.

इनास भट्टी फुटली त्याच दुपारी गेला होता, बायकोला आणि आईला घेऊन, बार्देशात बहिणीकडे.

पुढे श्यामकाकाच्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्या कुळात थोरल्या घरी नारळ ठेवून, तिथलं गूळपाणी पिऊन आमंत्रण दिल्याशिवाय देवकार्याला सुरुवात होत नाही, आणि थोरलं घर आमचं. तो कितीतरी दिवस टाळत असावा. शेवटी आला. मानेवर गुलाबी, सुरकुतलेला चट्टा होता. उंबऱ्यापाशी नारळ ठेवला. बाबा कदेलावर, हात फडक्यात. कोणी 'बस' म्हटलं नाही आणि तो बसलाही नाही.

"दादा, शालूचें लग्न."

"बरें जालें."

आई आतून गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरला. श्यामकाकाने गूळ घेतला. तांब्याकडे बघितलं.

"वैनी, उदक खंयचें?"

"बांयचें. आमी तेंच पितांव." बांय म्हणजे तीच विहीर.

ओसरीखाली त्याच्याबरोबर आलेले दोघे उभे होते. समोरच्या घराच्या दारात बायका आल्या होत्या. त्याने पाणी घेतलं नसतं तर आमंत्रण पुरं झालं नसतं आणि बहिणीचं लग्न अडलं असतं. घेतलं तर त्या जांभळ्या कागदाचं काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मदत केली नाही.

मग त्याने तांब्या वर धरून वरून पाणी ओतून घेतलं. मान मागे गेली तसा तो चट्टा ताणला गेला. घोट, घोट, घोट. सगळा तांब्या रिकामा केला. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. तांब्या खाली ठेवताना तो रडत होता की ते पाणीच होतं, मला माहीत नाही, आणि मी ते ठरवणार नाही.

"आतां नांव घाल म्हणटा, दादा?" त्याने विचारलं.

"घातलें तुवें," बाबा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी विहिरीवर बायकांची रांग लागली. काहीच झालं नव्हतं अशा त्या भांडत होत्या. बाबा लग्नाला गेले, डाव्या हाताने अक्षता टाकल्या. पुढे रेडिओवर घटक राज्याची बातमी आली, साखळीच्या बाजूने फटाक्यांचे आवाज ऐकू आले, आणि बाबा डाव्या हाताने खिळे जुळवत म्हणाले, "आतां राज्य आमचें. रीणूय आमचें." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं आणि आनंदही नव्हता. यंत्र मी चालवत होते.

आता माझ्या फोनवर रोज निनावी कागद येतात. जांभळे नसतात, एवढंच. मी खाली नाव शोधते, सवय आहे. पाठवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, मला कोणीतरी पाठवलं. मग संध्याकाळी कुठल्यातरी गावात कोणाच्यातरी कौलांवर दगड पडतात, आणि त्या घरात कोणी काय भाजत होतं, कोणाच्या जनेलावर कोणती पिशवी अडकवलेली होती, ते कुठे छापून येत नाही.

त्या लग्नानंतर बाबा एकदा इनासला भेटायला गेले होते. तो चांगलं बोलला म्हणे, कोपात फेणी दिली, हाताची विचारपूस केली. "परत ये," बाबा म्हणाले. "भट्टी आमी बांदून दितांव, सगळो गांव." इनास म्हणाला, "यशवंतबाब, भट्टी तुमी बांदशात. म्हज्या म्हातारे आवयक त्या वाटेन हाडटलो कोण?" बाबा परत आले आणि त्यांनी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळ झाली तशी तिने हिरवी पिशवी जनेलाला अडकवली. रोज अडकवायची, रोज रात्री रिकामी आत आणायची. पुढच्या पावसात ती कुजून गळून पडली, तेव्हा तिने दुसरी शिवली.